कुकडीकाठून बर्फाकडे

ओझर, नारायणगाव, जुन्नर, मंचर या पट्ट्यात आकाशातून पडणारा बर्फ सगळ्यांनी पाहिलेला आहे, पण गारांच्या रूपात. द्राक्षात साखर भरत आलेली असते, कांदा काढणीला आलेला असतो, गहू पिवळा पडलेला असतो, आणि फाल्गुनातल्या एखाद्या दुपारी आभाळ काळंनिळं होऊन अर्ध्या तासात वर्षाची मेहनत झोडपून काढतं. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चात महाराष्ट्रभर झालेली गारपीट अजून शेतकऱ्यांच्या बोलण्यात येते. अशा घरातली मुलगी ‘हिमालयात बर्फातून चालायला जातेय’ म्हणाली, की आजी कपाळाला हात लावते. बर्फाकडे हौसेनं जायचं, त्यासाठी पैसे मोजायचे, हे तिला कुठल्याच हिशेबात बसत नाही.

तरी माणसं जातात, आणि दरवर्षी जास्त संख्येनं जातात. मे महिन्यात कुलूच्या आणि डिसेंबरात उत्तरकाशीच्या डोंगरात मराठी बोलणं हमखास कानावर पडतं. त्यातले बरेच जण शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन पालथे घालून आलेले असतात. नाणेघाट पावसात चढलेले, आहुपे घाट उतरलेले, खांडसवरून शिडी घाटानं भीमाशंकर गाठलेले असतात. डोंगर त्यांना नवा नसतो. मला या प्रकरणात सांगायचं आहे ते त्यांनाच: सह्याद्रीनं दिलेलं काय बर्फात उपयोगी पडतं, आणि काय पहिल्यापासून शिकावं लागतं.

आधी आजीच्या गारांकडे परत जाऊ, कारण जुन्नरची गारपीट आणि हिमालयातला बर्फ यांचं नातं जवळचं आहे. हिवाळ्यात आणि वसंतात भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे जे ओलसर वारे येतात, त्यांना हवामानशास्त्रज्ञ पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात हिवाळ्यात पडणारा बहुतेक बर्फ याच विक्षोभांचा. एखादा विक्षोभ जोरकस असला की त्याचा प्रभाव दक्षिणेला महाराष्ट्रापर्यंत पोचतो. वर थंड हवा, खाली फाल्गुनाची तापलेली जमीन आणि समुद्रावरून आलेलं बाष्प, असं जमलं की आपल्याकडे गारा पडतात. म्हणजे रोहतांगच्या डोंगरावर ज्यानं शांतपणे बर्फ अंथरला, त्याच वाऱ्याची शेपटी नारायणगावच्या बागेवरून फिरून गेलेली असू शकते.

घडण मात्र दोघांची वेगळी. गार हा ढगातल्या जोरकस उभ्या वाऱ्याचा उद्योग. पाण्याचा थेंब वर फेकला जातो, गोठतो, त्यावर आणखी पाणी चिकटून गोठतं, वजन पेलवेना की तो खाली येतो. मोठी गार मधोमध फोडली तर काचेसारखे आणि दुधी असे थर एकाआड एक दिसतात. हिमकणाला असली झटापट लागत नाही. थंड ढगात धुळीच्या कणावर बाष्प द्रवरूप न होता थेट स्फटिक होऊन बसतं, आणि पाण्याच्या रेणूंची मांडणी सहा कोनांची असल्यामुळे कणही षट्कोनी होतो. कोपरे बाष्पात जास्त बाहेर आलेले असतात, म्हणून तिथे वाढ लवकर होते आणि सहा फांद्या फुटतात. पहिल्यांदा बर्फ पडताना पाहणाऱ्यानं गडद रंगाच्या जाकिटाची बाही पुढे करावी आणि श्वास रोखून बघावं. दोन-तीन सेकंद तो कण अख्खा दिसतो, फांदीवरच्या उपफांद्यांसकट. मग बाहीच्या उबेनं कडा गोल होतात. हे पाहायला भिंग लागत नाही, फक्त घाई नसावी लागते.

दुसरं नातं दगडाचं आहे. जुन्नरचा काळा कातळ हिमालयाच्या आधीचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धात असताना लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. शिवनेरीच्या कड्यावर, नाणेघाटाच्या भिंतीवर हे आडवे थर मोजता येतात. तोच भूखंड उत्तरेला सरकत राहिला आणि साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. मधल्या टेथिस समुद्राचा तळ चेपला, दुमडला, वर उचलला गेला, तो हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड समुद्रतळावर तयार झालेला चुनखडक आहे. पुरावा बघायला लांब जायला नको. देवघरातला शाळिग्राम हातात घ्यावा. नेपाळमधल्या काळी गंडकीतून येणारे हे काळे गोटे, आणि त्यातली चक्राकार खूण म्हणजे अॅमोनाइट नावाच्या, आज नामशेष झालेल्या समुद्री जीवाचा जीवाश्म. ओझर-लेण्याद्रीच्या परिसरात कितीतरी घरांत रोज सकाळी हिमालयाच्या जन्माआधीच्या समुद्राला अभिषेक होतो.

दगडाच्या या फरकाचा पायांवर थेट परिणाम होतो. आपला बसाल्ट पायरीपायरीनं चढतो: कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा. सह्याद्रीत चालणारा माणूस नकळत याच तालात चालायला शिकतो. अर्धा तास जीव काढणारी चढण, मग पदरावर सावली, पाणी, गप्पा. हिमालयाच्या बाजूला असे टप्पे कमी. तिथली धार तासन्‌तास एकाच कलानं वर जात राहते, आणि सह्याद्रीच्या सवयीनं झपाझप चढणारा पहिल्याच दिवशी मागे पडतो. गाईड पुढे अगदी रमतगमत चाललेला दिसतो. त्याची पावलं सकाळी आठला आणि दुपारी दोनला सारख्याच अंतरानं पडतात. पहिल्या दिवशी शिकायचं ते हेच.

मराठी मुलामुलींची बर्फाशी पहिली भेट जिथे होते अशी एक ठरलेली वाट म्हणजे हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यातला सार पास. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनमुळे ही वाट महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली. बेस कॅम्प कसोलला, सुमारे १,६०० मीटरवर. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचा डोंगर जिथे संपतो जवळपास तिथेच ही वाट सुरू होते. ग्रहण गाव, मिंग थाच, नगारू असे मुक्काम करत सुमारे ४,२०० मीटरची खिंड ओलांडायची आणि बिस्केरीला उतरायचं. देवदार, मग बुरांशाची लाल फुलं, मग भूर्ज. पोथ्यांतून नावानं ओळखीचं भूर्जपत्र इथे झाडावर सोलपटत असलेलं दिसतं. त्याच्या वर झाड संपतं, गवताची कुरणं लागतात आणि मग बर्फ.

कुरणांवर मे-जूनमध्ये गद्दी मेंढपाळ भेटतात. लोकरीचा चोळा, कमरेला लोकरीच्याच दोराचे वेढे. पावसाळा सरला की आपल्याकडचे धनगर कळप घेऊन घाट उतरून कोकणाकडे जातात, वाटेत शेतात मेंढरं बसवतात आणि शेतकरी खताच्या बदल्यात धान्य देतो. गद्दींचं फिरणं उभ्या रेषेत असतं: हिवाळ्यात कांगड्याच्या पायथ्याला, उन्हाळ्यात बर्फ मागे हटेल तसं वर, पुढे खिंडी ओलांडून लाहौलकडे. एकाला पाऊस हलवतो, दुसऱ्याला बर्फ. आंबेगावात धनगरांच्या वाड्याजवळ मुक्काम केलेल्याला त्यांच्याशी बोलणं सुरू करायला अडचण येऊ नये. कुत्री मात्र दांडगी असतात, म्हणून हाक मारूनच जवळ जावं.

आता फुफ्फुसांकडे वळू. ओझर-जुन्नर परिसर समुद्रसपाटीपासून सातशेच्या आसपास मीटरवर आहे. सार पासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के भरतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीर आधी श्वास आणि नाडी वाढवतं, मग काही दिवसांत रक्तात फेरफार करून घेतं. या ‘काही दिवसां’वरच सगळं अवलंबून असतं. डोकेदुखी, मळमळ, जेवणावरची वासना उडणं, झोप न लागणं, ही विरळ हवा लागल्याची पहिली लक्षणं. ती सहसा २,५०० मीटरच्या वर, पोचल्यानंतर काही तासांनी दिसतात. मान्य नियम असा, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवावा. दिवसा आणखी वर जाऊन झोपायला खाली यावं, हे उत्तम.

तगड्या माणसाला विरळ हवा लागत नाही, हा समज मला सगळ्यात धोकादायक वाटतो. तब्येत चांगली असण्याचा आणि हवा मानवण्याचा संबंध फार थोडा. उलट तगडा माणूस वेगानं वर जातो, डोकं दुखत असताना सांगत नाही, आणि गटात सर्वांत आधी तोच आडवा होतो. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, तर फुफ्फुसात पाणी भरतंय. बोलणं असंबद्ध झालं, सरळ रेषेत पाऊल पडेना, तर मेंदूला सूज येते आहे. या दोन्हींत रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरवणं हाच खरा उपाय. औषध घ्यायचं तर निघण्याआधी डॉक्टरशी बोलून; मित्रानं दिलेली गोळी नको.

बर्फात सह्याद्रीच्या माणसाला सगळ्यात जास्त चकवतं ते घड्याळ. आपल्याकडे आपण वाट वाचतो: कुठे घसारा आहे, कुठे कारवीला धरून चढता येईल, पुढची नाळ कुठे फुटते. बर्फात वाट दर सकाळी नवी असते आणि वाचावी लागते ती वेळ. रात्री पृष्ठभाग गोठून टणक होतो. सूर्य वर आला की वरचा थर सैल पडतो, अकराच्या सुमारास बूट घोट्यापर्यंत रुततो आणि दुपारी मांडीपर्यंत. म्हणून नगारूहून खिंडीकडे निघायचं ते पहाटे तीन-चारला.

ती पहाट नीट सांगायला हवी. तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाची वाफ गोठून पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते आणि कनात हलली की ती मानेवर पडते. बूट रात्री स्लीपिंग बॅगेत घेतले नसतील तर लाकडासारखे कडक झालेले असतात. बॅटरीच्या उजेडात पुढच्याची टाच तेवढी दिसते. गाईड बुटाच्या टोकानं उतारात दोनदा ठोकतो, पाऊलभर खाच पाडतो, आणि मागच्या प्रत्येकानं त्याच खाचेत पाय ठेवायचा असतो. दहावा माणूस येईपर्यंत तिची पायरी झालेली असते. बर्फ बुटाखाली करकरतो. थंडी जितकी जास्त तितका हा आवाज चढा, कारण कोरडे कण चिरडताना मधे पाण्याचा थर नसतो. आडवं जाताना बुटाची डोंगराकडची कड आत रोवायची, चढताना टोक, उतरताना टाच. उतरताना सह्याद्रीत आपण गुडघे वाकवून, मागे रेलून, हात टेकत येतो. बर्फात मागे रेललं की टाच सुटते आणि माणूस थेट खाली. वजन पायावर ठेवून, टाच ठामपणे दाबत उतरायचं. हे पटायला वेळ लागतो, कारण भीती शरीराला नेमकं उलट सांगत असते.

मग उजाडतं. आधी दूरची शिखरं तांबूस होतात आणि आपण अजून निळ्या सावलीत असतो. काठीनं पाडलेल्या खोल भोकात डोकावलं तर आतला बर्फ निळसर दिसतो. बर्फ तांबडा प्रकाश जास्त शोषतो, आणि आत जाऊन परत येणाऱ्या उजेडात निळा तेवढा उरतो. ताज्या बर्फाच्या कणांत हवा भरपूर अडकलेली असते आणि ती आवाज पिऊन टाकते, म्हणून चार पावलांवरच्या सोबत्याला हाक मोठ्यानं मारावी लागते. खिंडीतून पलीकडे उतरायचं ते बसून घसरत. शाळेतल्या पोरांसारखी माणसं ओरडतात. पन्नाशीतली गृहस्थ मंडळी तिथे जी हसताना दिसतात तशी ती घरी क्वचितच हसत असतील. घसरताना काठी ब्रेकसारखी कशी दाबायची हे मात्र वर शिकून घ्यावं. घसरगुंडीच्या शेवटी दगड किंवा ओढा नाही, याची खात्री गाईडनं केलेली असली पाहिजे.

ओढ्यांचंही घड्याळ असतं. कुकडी पूरजवळ कुकडेश्वरापाशी उगम पावते आणि आषाढ-श्रावणात फुगते. बाकी वर्षभर खोरं जगतं ते येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या पाच धरणांत अडवलेल्या पाण्यावर. पार्वती खोऱ्यात बर्फ हेच धरण, आणि त्याचे दरवाजे ऊन उघडतं. सकाळी सहाला घोट्याइतका असलेला ओढा दुपारी चारला कमरेइतका होतो, आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नसताना. ‘पाऊस नाही म्हणजे ओढा उतरलेला असणार’ हा जुन्नरचा शहाणपणा तिथे जिवावर बेतू शकतो. ओढ्यावर पूल धरून राहिलेला बर्फही असाच: पहाटे गाडी जाईल इतका भक्कम, दुपारी आतून पोखरलेला.

सभोवार पाणीच पाणी आणि तरी तहान, हाही नवा अनुभव. शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांतलं गार पाणी पिऊन वाढलेल्याला डोंगरावर पाणी कातळात सापडतं. बर्फात ते वितळवावं लागतं, आणि त्याला किती इंधन जातं हे कळलं की माणूस घोटाघोटानं पितो. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरच पाणी करायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. शिवाय ताजा बर्फ १० सेंटिमीटर घेतला तर पाणी मिळतं जेमतेम १ सेंटिमीटर. तोंडात बर्फ कोंबला तर ही सगळी उष्णता शरीर देतं, म्हणून तहान लागली तरी बर्फ खाऊ नये. थंड कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक पाणी बाहेर जातं आणि घाम दिसत नाही, त्यामुळे दिवसाला तीन-चार लिटर पाणी ठरवून पोटात जायला हवं. आणि ४,२०० मीटरवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तव्यावरच्या भाकरीला उकळण्याचा प्रश्नच नसल्यामुळे ती तिथेही ओझरसारखीच भाजली जाते. घरून नेलेला शेंगदाणा-गुळाचा लाडू भूक मेलेली असतानाही घशाखाली उतरतो.

कपड्यांबद्दल एकच सांगतो: अंगाला सुती काही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओल्या कापडातून उष्णता भराभर निघून जाते. पावसातल्या नाणेघाटात ते चालून जातं, कारण तिथे हवा उबदार असते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरते. आपल्या घोंगडीचं आणि गद्दीच्या चोळ्याचं शास्त्र एकच. डोळ्यांचं मात्र जास्त सांगायला हवं. ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो, आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. चष्मा काढून दोन तास फोटो काढत फिरलं की त्या वेळी काहीच वाटत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं आणि रात्री उघडता येत नाहीत. ढगाळ दिवशीही हे होतं. ऊन खालूनही येत असल्यामुळे हनुवटीच्या खालचा भाग आणि नाकपुड्या भाजतात. सनस्क्रीन तिथेही लावायचं.

जुन्नरच्या माणसाला बर्फात एका बाबतीत मात्र मोठी आघाडी असते, ती ठसे वाचण्याची. हा तालुका बिबट्याचा. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, आणि उसाला पाणी दिल्यावर सकाळी बांधावर उमटलेला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा हे इथली पोरंसुद्धा सांगतात: नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्रा, गोल गादी आणि नखं नाहीत तर बिबट्या. बर्फाचं पान त्याहून स्वच्छ. कोल्ह्याची एका ओळीत, जवळजवळ शिवणीसारखी गेलेली पावलं. उडी मारणाऱ्या सशाचे पुढे मोठे आणि मागे लहान ठसे. मोनाल पक्ष्याच्या तीन बोटांची साखळी, आणि जिथून तो उडाला तिथे दोन्ही बाजूंना पंखांनी झाडल्याची खूण. एखाद्या छोट्या प्राण्याची रांग मधेच संपते आणि शेजारी मोठ्या पंखांचा ठसा असतो. काय घडलं ते तिथेच लिहिलेलं असतं. एक सावधगिरी ठेवावी. उन्हात ठशाच्या कडा वितळतात आणि तो पसरतो. काल पडलेला कोल्ह्याचा ठसा आज लांडग्याचा वाटतो. १९५१ साली एरिक शिप्टननं मेनलुंग हिमनदीवर काढलेल्या ठशाच्या फोटोनं जगभर यतीची चर्चा पेटली. वितळून मोठे झालेले ठसे हे त्यावरचं एक स्पष्टीकरण अभ्यासक देत आले आहेत. म्हणून आकार बघण्याआधी ठशाची कड बघावी. ती धारदार असेल तरच तो ताजा.

धोक्याबद्दल गोड बोलून उपयोग नाही. बर्फाचे थर वेगवेगळ्या दिवशी पडलेले असतात आणि त्यातला एखादा ठिसूळ राहिला तर वरचा अख्खा पट्टा सुटतो. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. नेमका तोच उतार चालायला आणि घसरायला आकर्षक दिसतो. ताज्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला दिवस आणि दुपारचं ऊन, या दोन वेळा सर्वांत वाईट. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का दांडा-२ शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणाला गेलेल्या तुकडीवर हिमप्रपात कोसळला आणि २९ जण गेले. ती माणसं शिकलेल्यांच्या सोबत होती, हे विसरू नये. आणि जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्याच सहस्रताल वाटेवर २२ जणांच्या गटातले कर्नाटकातून आलेले ९ जण हिमवादळात दगावले. शिखरावर चढायचा त्यांचा बेतही नव्हता, ते ट्रेकला गेले होते. ओला कपडा, वारा आणि उशीर, एवढं जीव जायला पुरतं.

म्हणून शिकून जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. महाराष्ट्रात ही परंपरा आहे. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. महाराष्ट्रातून तिथे पोचलेले ते पहिले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेनं उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजुंगा गाठलं. कांचनजुंगावर १५ मे २०१९ या एकाच दिवशी संघाचे दहा जण माथ्यावर होते. या पिढ्यांनी दोर आणि गाठी शिकल्या त्या सह्याद्रीच्या सुळक्यांवर, आणि अशा सुळक्यांतला एक नावाजलेला, जीवधनाच्या शेजारचा वानरलिंगी, जुन्नर तालुक्यातच उभा आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची १९५४ सालची हिमालयन संस्था, मनालीची संस्था इथे साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. नोकरी-शेती सांभाळून तेवढा वेळ काढता आला तर दहा ट्रेकच्या पैशांपेक्षा तो खर्च सार्थकी लागतो.

गर्दीचा प्रश्न वेगळा. केदारकंठ ३,८०० मीटरचं शिखर, सांकरीहून चार-पाच दिवसांत होतं आणि डिसेंबरातही चढता येतं, म्हणून तिथे रांगा लागतात. बर्फ कचरा झाकतो, नाहीसा करत नाही. थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं; डिसेंबरात टाकलेली वेष्टनं, वापरलेले कागद, अन्न एप्रिलात जसंच्या तसं वर येतं आणि वितळणाऱ्या पाण्याबरोबर खालच्या गावाच्या झऱ्यात उतरतं. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचे तळ ठोकायला बंदी घातली. ट्रेकवाल्यांनी तेव्हा बरीच नाराजी दाखवली. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्या कुरणावर मेंढपाळांची मेंढरं उन्हाळाभर जगतात, तिथली माती शेकडो तंबूंखाली तुडवून टाकायचा हक्क पर्यटकाला नाही.

तयारी कुकडीच्या पट्ट्यात सहज होते. गणपती उठले की तीन महिने आठवड्यातून दोनदा पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता, धाप न लागू देता चढाव्यात आणि उतराव्यात. वेग वाढवायचा नाही, थांबे कमी करायचे. रविवारी हडसर किंवा चावंड करावा, आणि एकदा तरी पहाटे तीनला उठून बॅटरीच्या उजेडात नाणेघाटाकडे निघावं, म्हणजे झोपमोड करून चालण्याची सवय होते. नवे बूट याच वाटांवर मळून घ्यावेत. विरळ हवेची तयारी मात्र इथे कशानंही होत नाही. तिला दिवसच द्यावे लागतात. नारायणगावहून पुणे, पुण्याहून दिल्ली, तिथून रातोरात बस आणि दुसऱ्या सकाळी चढायला सुरुवात, असा कार्यक्रम सुट्टी वाचवतो आणि डोकेदुखी विकत घेतो. पायथ्याच्या गावात एक दिवस जास्त, आणि वर हवामान बिघडलं किंवा कुणाला त्रास झाला तर थांबण्यासाठी आणखी एक, हे दोन दिवस रजेच्या अर्जातच मागून घ्यावेत.